चित्र का फाटते?



कामगार चळवळीतला मनुष्य व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो मजुरी, बोनस आणि कायदा यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि ती रास्तही आहे. आज आम्ही मात्र संगणकाच्या पडद्याविषयी बोलणार आहोत. लिनक्स ही प्रणाली ज्या संगणकावर चालते, त्याच्या पडद्यावरचे चित्र कधीकधी मधोमध आडवे फाटते. ते का फाटते, ते कसे सांधावे, आणि त्यातून काय शिकावे, एवढाच आजचा विषय. आम्ही अभियंते नव्हे. जे शिकलो ते वाचून आणि हाताने करून शिकलो. त्यामुळे आमच्या सांगण्यात पंडिताची सफाई नसेल. पण जे सांगू ते कोणालाही घरी जाऊन पडताळून पाहता येईल.

हा विषय आताच का निघाला, ते प्रथम सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. तिच्या पुढची जी विंडोज ११, तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीनंतरचा लागतो; इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ह्या अटीत न बसणारी यंत्रे आपल्याकडे थोडी नाहीत. कामगार संघटनांची कार्यालये, गावोगावची वाचनालये, पतसंस्था, लहान शाळा, ह्या ठिकाणी दहा-दहा वर्षे चाललेली यंत्रे आहेत, आणि ती अजून धडधाकट आहेत. त्यांवर पत्रे लिहिली जातात, हिशोब ठेवले जातात, भविष्यनिर्वाह निधीचे खाते पाहिले जाते, दावे भरले जातात. केवळ एका कंपनीने मुदत संपवली म्हणून ती भंगारात घालावीत काय? पुष्कळांनी त्यांवर लिनक्स बसवले, आणि यंत्र पुन्हा चालू लागले.

पण मग एक दिवस त्यावर कोणी चलच्चित्र लावतो, किंवा लांबलचक परिपत्रक भराभर खाली सरकवतो, आणि पडद्यावर एक आडवी चीर दिसते. चिरेच्या वर चित्र एका क्षणाचे, खाली दुसऱ्या क्षणाचे. आगगाडी धावत असेल तर डब्याची खिडकी एकीकडे आणि चाके वीतभर पुढे. दुकानदाराला दाखवले की तो म्हणतो, "यंत्र जुने झाले, नवे घ्या." कारकून म्हणतो, "माझ्याच हातून काही बिघडले असेल." आमचे म्हणणे असे आहे की, हे दोन्ही निकाल चौकशी न करताच दिलेले आहेत.

तेव्हा आधी चौकशी करू.

पडद्याच्या सगळ्या तक्रारी एका जातीच्या नसतात. काच फुटली, पट्टे उमटले, रंगीत ठिपके नाचू लागले, तर बहुधा काच, तार किंवा जोडणी तपासावी. पडदा अधूनमधून क्षणभर काळा होत असेल तर ती वेगळी व्याधी. अक्षरे धूसर दिसत असतील तर चित्राची मापे पडद्याच्या मूळ मापांशी जुळत नाहीत. मोठ्या फोर-के पडद्यावर सगळे जड, अडखळते वाटत असेल तर पडदा सेकंदाला तीसच चित्रे घेत आहे काय ते पाहावे. जुन्या एचडीएमआय १.४ च्या जोडणीतून एवढ्या मोठ्या चित्राचा वेग तीसच्या पलीकडे जात नाही. फाटण्याची खूण ह्या सर्वांहून निराळी आहे. चित्र स्थिर असता काही दिसत नाही. हालचाल सुरू झाली, विशेषतः आडवी हालचाल, की चीर उमटते.

हिची एक सोपी कसोटी आहे. संगणकाच्याच सोयीने पडद्याची प्रत काढावी, जिला आपण स्क्रीनशॉट म्हणतो. त्या प्रतीत सहसा चीर सापडत नाही. मग मोबाईल फोन समोर धरून पडद्याचे चित्रण करावे. त्यात चीर सापडते. ह्याचा अर्थ काय? यंत्राच्या पोटात चित्र अखंड आहे. ते पोटातून पडद्यावर जाताना, म्हणजे देवाणघेवाणीत फाटते. काम करणाऱ्याचे काम चोख आहे, घेणाऱ्याचेही चोख आहे. खोट आहे ती दोघांच्या मधल्या पाळीबदलात.

हा पाळीबदल कसा होतो, ते पाहू. नेहमीचा पडदा १९२० ठिपके रुंद व १०८० ओळी उंच असतो. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला चार बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. हे चित्र स्मृतीत एका जागी मांडून ठेवलेले असते. पडद्याकडे चित्र पाठवणारा भाग ते डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीने वाचत जातो. आणि हे वाचन सेकंदाला ६० वेळा होते. म्हणजे एका वाचनाला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. तिकडे चित्र काढणारा भाग आपल्या गतीने नवे चित्र काढीत असतो. त्याने वाचणारा अर्ध्यावर असतानाच जुन्याच्या जागी नवे चित्र ठेवले तर काय होईल? वरचा अर्धा भाग जुन्याचा वाचून झाला, खालचा अर्धा नव्याचा वाचला गेला. तीच ती चीर.

आमच्या यंत्रमागाच्या गावांत, मग ते इचलकरंजी असो, भिवंडी असो की मालेगाव, ही गोष्ट समजावून सांगायला वेळ लागत नाही. साध्या धोट्याच्या मागावर धोटा एका पेटीतून सुटतो, ताण्याच्या फटीतून जातो आणि पलीकडच्या पेटीत पोचतो. तो पोचल्यावरच फणीने ठोका द्यायचा. धोटा वाटेतच असताना फणी आली तर ताण्याचे शेकडो धागे तुटतात. म्हणून धोटा वेळेवर पेटीत आला नाही तर माग आपोआप थांबावा, अशी योजना मागातच केलेली असते. धोटा वाईट नसतो, फणी वाईट नसते. एकाचे काम पुरे झाल्याची खूण दुसऱ्याला मिळाली पाहिजे, आणि ती मिळेपर्यंत दुसऱ्याने थांबले पाहिजे. १९४८ सालच्या कारखाने कायद्याने स्त्रियांना व अल्पवयीनांना चालत्या यंत्राची सफाई करण्याची मनाई केली होती, तिच्या मुळाशीही हाच विचार होता: यंत्र चालू असताना त्यात हात घालू नये.

मग हात घालावा केव्हा? त्यासाठी एक क्षण राखून ठेवलेला आहे. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात विजेचा किरण वरून खाली उतरत असे. तळाला पोचला की त्याला पुन्हा वर न्यावे लागे, आणि त्या परतीच्या वेळात पडद्यावर काही उमटत नसे. आजच्या सपाट पडद्यात किरण नाही. पण चित्र पाठवण्याच्या रीतीत तो विसावा कायम राहिला आहे. १०८० ओळींच्या नेहमीच्या संकेतात प्रत्यक्षात ११२५ ओळींचा वेळ मोजलेला असतो. त्यांतल्या ४५ ओळी रिकाम्या. हा वेळ सेकंदाचा दीड हजारावा भाग भरतो. एवढ्याशा विसाव्यात जुने चित्र काढून नवे ठेवले तर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. इंग्रजीत ह्या शिस्तीला व्ही-सिंक म्हणतात. आम्ही तिला पाळीचा करार म्हणतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. विसावा म्हणजे वाया गेलेला वेळ, असे समजणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. यंत्रशास्त्र मात्र सांगते की, काम नीट चालावे म्हणून विसावा हिशोबातच धरावा लागतो. दर साठाव्या भागातला तो रिकामा तुकडा काढून टाका. मग बिनचीर चित्र बदलायला जागाच राहणार नाही.

आता कोणी विचारील, हा करार इतका सोपा आहे तर लिनक्सवर तो मोडतो का? ह्याचे उत्तर इतिहासात आहे.

लिनक्सच्या पडद्याचा कारभार पुष्कळ वर्षे एक्स नावाच्या व्यवस्थेकडे होता. ही व्यवस्था १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संस्थेत सुरू झाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली, आणि तीच एक्स-११ ह्या नावाने आजतागायत टिकली. त्या काळी स्मृती महाग होती. प्रत्येक कार्यक्रमाला आपल्या चित्राची वेगळी पाटी देणे परवडणारे नव्हते. म्हणून सर्वांनी एकाच मोठ्या पाटीवर आपापल्या चौकटीत थेट लिहावे, अशी रचना झाली. एका फळ्यावर दहा जण एकाच वेळी लिहीत आहेत आणि अकरावा तो फळा वाचत आहे, असा हा प्रकार. कोणाचे लिहून झाले व कोणाचे अर्धवट आहे, हे वाचणाऱ्याला कळायची सोय नव्हती. ह्यात त्या कारागिरांना आम्ही दोष देत नाही. त्या वेळच्या साधनांत त्यांनी जे उभे केले ते चाळीस वर्षे चालले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढे २००४ च्या सुमारास एक नवी तरतूद आली. प्रत्येक कार्यक्रमाने आपले चित्र बाजूच्या पाटीवर काढावे, आणि एका मुकादमाने सगळ्या पाट्या गोळा करून एक पूर्ण चित्र रचावे. ह्या मुकादमाला काँपोझिटर म्हणतात. ह्याने पुष्कळ सुधारणा झाली. पण मुकादम हा मूळ व्यवस्थेला मागून जोडलेला होता. शिवाय एक्समध्ये दोन पडदे जोडले तरी ते मिळून एकच मोठी पाटी मानली जाते. एक पडदा सेकंदाला ६० वेळा आणि दुसरा ७५ वेळा वाचणारा असेल, तर एकाच पाटीचा पाळीबदल दोघांच्या विसाव्यात बसवायचा कसा? एकाला सांभाळले की दुसरा फाटतो.

म्हणून २००८ साली क्रिस्टियान ह्योग्सबर्ग ह्या कारागिराने वेलँड नावाची नवी मांडणी सुरू केली. तिचा हेतूच मुळी असा की, पडद्यावर जाणारे प्रत्येक चित्र पूर्ण असावे. तिच्यात मुकादम हाच कारभारी. कार्यक्रम आपले चित्र पुरे करतो, "झाले" असे कळवतो, आणि कारभारी योग्य क्षणी ते लावतो. तिची पहिली पक्की आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये निघाली. २०१६ साली फेडोरा २५ ह्या वितरणाने ती नेहमीसाठी स्वीकारली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये निघालेल्या उबुंटू २५.१० मध्ये तर ग्नोमच्या जोडीला जुनी एक्सची बैठक ठेवलेलीच नाही. जुन्या रीतीचे कार्यक्रम तिथे एक्स-वेलँड ह्या दुभाष्यामार्फत चालतात. आरंभापासून सर्वत्र रूढ होईपर्यंत पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला. ज्यांनी वाटाघाटी केल्या आहेत त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. चांगला करार कागदावर लवकर होतो. तो प्रत्येक खात्यात, प्रत्येक यंत्रावर पाळला जाईपर्यंत एक पिढी जाते.

ह्या वाटाघाटीतला एक अध्याय एनव्हिडिया कंपनीचा आहे, आणि तो बोधप्रद आहे. इंटेल आणि एएमडी यांच्या चित्रयंत्रांचे ड्रायव्हर पुष्कळ काळापासून उघडे आहेत. म्हणजे त्यांची कृती कोणालाही वाचता येते, सुधारता येते. एनव्हिडियाचा मुख्य ड्रायव्हर मात्र बंद होता. २०१२ साली फिनलंडमधल्या एका सभेत लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी त्या कंपनीवरचा राग चारचौघांत, असभ्य म्हणावे अशा शब्दांत व्यक्त केला होता. वेलँड आल्यावर चित्राची पाटी कशी द्यावी-घ्यावी ह्याविषयी बाकीच्यांची एक रीत आणि ह्या कंपनीची दुसरी, असे वर्षानुवर्षे चालले. २०२१ साली आलेल्या ४९५ मालिकेच्या ड्रायव्हरमध्ये कंपनीने इतरांची रीत मान्य केली. मे २०२२ मध्ये ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग तिने नव्या चित्रयंत्रांपुरता उघडा केला. तरीही काही खिडक्यांत मागचे-पुढचे चित्र लुकलुकत असे, कारण "काम झाले" हा निरोप इतर ड्रायव्हर ज्या गृहीत रीतीने ठेवीत, ती ह्याला चालत नव्हती. २०२४ साली निरोप उघडपणे देण्याची रीत ठरली आणि ५५५ मालिकेपासून ती चालू झाली. शिकण्यासारखे हे की, गृहीत धरलेल्या समजुतीवर चाललेले काम अडले, आणि उघड, लेखी संकेत ठरला तेव्हा सुटले.

इतिहास पुरे; आता इलाज सांगतो. वहीत लिहून घ्यावेत.

पहिली गोष्ट, आपली बैठक कोणती ते पाहावे. ग्नोममध्ये सेटिंग्जमधील यंत्राच्या माहितीत विंडोइंग सिस्टिम म्हणून नोंद असते. तिच्यासमोर वेलँड आहे की एक्स-११ ते दिसते. एक्स-११ असेल आणि यंत्रावर वेलँडही बसवलेले असेल, तर प्रवेशाच्या पडद्यावर दातेरी चाकाच्या खुणेवर टिचकी मारून बैठक बदलता येते. पुष्कळांचे काम इथेच संपते.

दुसरी, चित्रयंत्र आणि त्याचा ड्रायव्हर. त्याच माहितीत ग्राफिक्सपुढे एलएलव्हीएमपाइप असे नाव दिसले, तर समजावे की चित्रयंत्र स्वस्थ बसले आहे आणि त्याचे सारे काम मुख्य प्रोसेसर उरावर घेऊन करतो आहे. अशा वेळी आधी योग्य ड्रायव्हर बसवावा. बाकीचे इलाज त्यानंतर.

तिसरी, पडद्याचा वेग. डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये तो ६० असायला हवा तिथे ३० तर नाही ना, हे पाहावे. दोन पडदे असतील आणि एक्स वापरणे भागच असेल, तर शक्य तोवर दोघांचा वेग सारखा ठेवावा.

चौथी, जुन्या यंत्रावर एक्सच ठेवायचे असेल तर मुकादम चालू आहे ना ते पाहावे. एक्सएफसीई ह्या हलक्या मांडणीत विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये काँपोझिटरचा वेगळा भाग आहे. यंत्र हलके चालावे म्हणून कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असतो, आणि मग चीर येते. जिथे मुकादमच नाही तिथे पायकॉम नावाचा छोटा मुकादम बसवून त्याची व्ही-सिंकची सोय चालू करावी.

पाचवी, एवढ्यानेही भागले नाही तर ड्रायव्हरलाच शिस्त लावावी. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये, तसेच इंटेलच्या जुन्या खास ड्रायव्हरमध्ये टिअरफ्री नावाचा पर्याय आहे. एक्सच्या मांडणीच्या कप्प्यात एक लहानशी फाईल करून तीत ड्रायव्हरचे नाव आणि टिअरफ्रीसमोर ट्रू एवढे लिहावे लागते. अक्षरे अर्थात इंग्रजीच टंकावीत. अलीकडची वितरणे इंटेलसाठी मोडसेटिंग नावाचा सर्वसामान्य ड्रायव्हर वापरतात. तिथे खास ड्रायव्हर बसवल्यावाचून ही फाईल लागू पडत नाही. एनव्हिडियाच्या बाबतीत कंपनीच्या सेटिंग्जमध्ये, पडद्याच्या मांडणीच्या प्रगत भागात, फोर्स फुल काँपोझिशन पाइपलाइन ही खूण आहे. ती लावली की चीर जाते, थोडा वेग खर्ची पडतो.

फाईल करण्याआधी एक खबरदारी. चूक झाली तर पडदा काळा राहू शकतो, भिऊ नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ ह्या कळा एकदम दाबल्या की बहुतेक यंत्रांवर साध्या अक्षरांचा पडदा येतो. तिथे प्रवेश करून नवी फाईल काढून टाकली की पहिली स्थिती परत येते. ही वाट कागदावर लिहून मगच पुढे जावे.

आणि एक नियम: एका वेळी एकच इलाज. ड्रायव्हरची शिस्त, मुकादमाची शिस्त आणि कार्यक्रमाची स्वतःची शिस्त अशा तीन एकावर एक चढवल्या तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. चीर जाते, पण यंत्र अडखळू लागते.

हे "वाट पाहणे" फुकट मिळत नाही, हे आम्ही लपवणार नाही. नवे चित्र विसाव्याच्या क्षणाला जरा उशिरा पोचले, तर जुनेच चित्र आणखी एक फेरी दाखवावे लागते. एका साठाव्या भागाऐवजी दोन जातात. पत्र टंकणाऱ्याला ते जाणवत नाही. वेगवान खेळ खेळणाऱ्याला जाणवते. तो म्हणतो, चित्र फाटले तरी चालेल, पण माझा हात आणि पडदा यांत उशीर नको. त्याचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच २०२२ साली वेलँडमध्ये अशी तरतूद केली गेली की, एखादा कार्यक्रम स्वतः मागणी करील तर त्याच्यापुरती चीर चालवून घ्यावी. ज्यांनी सगळ्यांसाठी शिस्त घालून दिली त्यांनीच अपवादाची वाटही उघडपणे लिहून ठेवली.

ह्याहून निराळा एक तोडगाही निघाला आहे. आजवर चित्र काढणाऱ्याने पडद्याची वाट पाहायची असे होते. पडद्यानेच चित्राची वाट पाहिली तर? २०१३ साली एनव्हिडियाने जी-सिंक ह्या नावाने असे पडदे जाहीर केले. २०१४ साली व्हेसा ह्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने अडॅप्टिव्ह-सिंक ह्या नावाने ही रीत डिस्प्लेपोर्टच्या मानकात घेतली. अशा पडद्यात विसावा लांबवता येतो. नवे चित्र तयार होईपर्यंत पडदा थांबतो. घड्याळ ज्याच्या हाती होते त्यानेच थोडे नमते घेतले, म्हणून दोघांचेही काम सोपे झाले.

बंधुभगिनींनो, ह्या सगळ्यातून आम्हांला जे सांगायचे आहे ते एवढेच. जिथे दोघे आपापल्या गतीने काम करतात तिथे कोणाला तरी थांबावे लागतेच. प्रश्न असतो तो, कोण थांबणार, किती थांबणार, आणि हे कोणी ठरवले. ते उघडपणे ठरले असेल तर थांबणाऱ्यालाही ते जाचत नाही. ते कोणी ठरवलेच नसेल तर चित्र फाटते, आणि पाहणारा स्वतःला किंवा यंत्राला दोष देत बसतो.

आमच्या कामात आम्ही पुष्कळ चौकश्या पाहिल्या. अपघात झाला की अहवालात प्रथम शब्द येतो तो "कामगाराचा निष्काळजीपणा". खोलात गेले की दिसते, दोन खात्यांमध्ये निरोपाची सोय नव्हती, पाळी बदलताना नोंदवही भरली जात नव्हती. संगणकाच्या खोलीतही हाच शब्द वेगळ्या वेषात येतो: "आपल्याला यातले कळत नाही." हे वाक्य बोलणारा मनुष्य अडाणी नसतो. त्याला यंत्र उघडून पाहण्याचा हक्क आहे, हे कोणी त्याला सांगितलेले नसते. लिनक्सच्या परवान्याने तो हक्क लेखी दिलेला आहे. हक्क लेखी असून उपयोग नाही. तो वापरावा लागतो, हे कामगारांना नव्याने सांगायला नको.

एक आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. ह्या प्रणालीमागे बहुधा कोणी दुकानदार उभा नसतो. माहिती बव्हंशी इंग्रजीत असते. आणि एकाच दुखण्याला पाच औषधे सांगणारे पाच जण भेटतात. हा बोजा खरा आहे, आणि तो एकट्या माणसाच्या डोक्यावर टाकू नये. म्हणून तीन सूचना करतो. कोणतेही यंत्र भंगारात घालण्यापूर्वी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. आतल्या माहितीला धक्का न लावता चित्र, आवाज, तार सगळे तपासता येते. प्रत्येक कार्यालयाने आणि वाचनालयाने एक मराठी नोंदवही ठेवावी: यंत्र कोणते, चित्रयंत्र कोणते, बैठक कोणती, तक्रार काय, कोणता इलाज केला, काय झाले, तारीख. आणि एका तरुण कार्यकर्त्याला आठवड्यातून अर्धा दिवस ह्याच कामासाठी मोकळा ठेवावा. नोंद नीट असली की ती दूरच्या कारागिराकडेही पाठवता येते. "पडदा बिघडला" ह्या तक्रारीला कोणी उत्तर देऊ शकत नाही. खाते, यंत्र, वेळ आणि खूण लिहिलेल्या तक्रारीला द्यावेच लागते. संघटनेच्या कार्यालयात हे शिक्षण आम्ही रोज देतो. ते इथेही लागू आहे.

एका चिरेपायी चालते यंत्र टाकून देणे आपल्यासारख्यांना परवडणारे नाही. आणि कारण न शोधता कोणालाही दोषी ठरवणे तर कोणालाच परवडणारे नाही. कारण शोधा, करार करा, तो लिहून ठेवा.